शिफ्ट

लक्ष्मीपुरीत पेंडीच्या दुकानावर
मगदूमबाईंचा टायपिंगचा क्लास.
जिन्यात सरकीचा वास, वर अकरा मशिनं,
सातवं माझं, सकाळी सात ते आठ.
पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, करंगळी बघू.
दाखवली. नख कुरतडलेलं.
म्हणाल्या, काम नाही म्हणून लाडावलीय ही,
आता हिनं गाडा उचलायचा.

आणि खरंच,
डाव्या कोपऱ्यातली ती कळ दाबली
की कागदासकट, रुळासकट
अख्खा गाडा वर जायचा,
सोडली की धप्पकन खाली.
तेवढ्यासाठी नाव शिफ्ट, बाई म्हणाल्या,
उचलून दुसरीकडं ठेवायचं.
नाव उगीच पडत नाही गं कशाचं.

घरी हा शब्द आधीपासून होता.
दारामागच्या खिळ्याला सकाळी डब्याची पिशवी असली तर सेकंड,
नसली तर फर्स्ट,
आणि दुपारी आम्ही कुजबुजत जेवत असलो तर थर्ड.
अण्णा शिरोलीला फौंड्रीत साचे भरायचे,
कानात काळी वाळू घेऊन यायचे.
लहानपणी मला वाटायचं, शिफ्ट म्हणजे
वडील झोपलेत, हळू बोल.

शेजारच्या इंग्रजी मशिनवर दिलावर शिकलगार.
तो शिफ्ट दाबायचा, अक्षर मोठं व्हायचं.
मी दाबायचे, अक्षर अर्धं व्हायचं.
त्या वयात हे फार लागलं.
बाईंना विचारलं, एकाच कळीनं
त्याचं मोठं आणि आपलं अर्धं, असं का?
बाई फीच्या पावत्या फाडत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
शिफ्ट न दाबता कोल्हापूर टाईप कर.

कोलहापूर.

दिलावर वाकून बघत म्हणाला,
कुठल्या तालुक्यात आलं गा हे?

पुढं तहसीलला लागले.
पुराच्या आठवड्यात याद्या चालू होत्या,
कुटुंबप्रमुख, माणसं, जनावरं,
शेवटच्या रकान्यात स्थलांतरित.
साहेब दोन्ही कानांना फोन लावून
किती शिफ्ट केले, अजून किती शिफ्ट व्हायचेत,
म्हशी सोडून येत नाहीत म्हणजे काय.
आणि मी शिफ्ट दाबून अर्धा स, मग थ.
पहिल्या ओळीत टाईप केलं,
बाकी माउसनं खाली ओढत नेलं,
चारशे बारा घरं एका झटक्यात कोरडी.
मग वर येऊन बघितलं.
सुतारवाडा, एकशे सत्तेचाळीस,
कुरणे सत्याप्पा, माणसं दोन, शेळी एक.
तेवढा शब्द पुसला
आणि परत हातानं लिहिला.
का ते माहीत नाही. कळ जड लागली,
जुन्या मशिनसारखी.

रात्री मठाच्या हॉलात गेले तर
सगळे सतरंज्यांवर झोपलेले,
अण्णा एकटे भिंतीला टेकून जागे.
झोप की म्हटलं.
थर्ड हाय समज, म्हणाले,
आणि शेळीचं दावं पायाच्या अंगठ्याला अडकवलं.

आता ऑफिसात नवे कीबोर्ड आलेत.
त्या कळीवर नावच नाही,
नुसता एक पोकळ बाण, वर तोंड केलेला.
अण्णा भरपाईच्या अर्जाला आले,
टेबलाशी उभं राहून बोट ठेवलं त्यावर.
ह्यो आपल्या भिंतीवरचा न्हवं?

स्वयंपाकघरात, चुलीच्या वर,
दर पुरानंतर ते कोळशानं बाण काढतात,
पाणी हितवर आलतं,
शेजारी साल.
तीन आहेत. सगळ्यात वरचा काढायला
त्यांना स्टूल लागलं होतं.

मी म्हटलं, बसा, नाव टाकते.
नावात दोन जोडाक्षरं आहेत त्यांच्या.
ते उभेच राहिले,
माझ्या करंगळीकडं बघत.